वेगाचं चलान आलं? मेसेजपासून पावतीपर्यंत काय काय करायचं

मागच्या महिन्यात रात्री दहाला भाचीचा फोन आला. लायसन्स मिळून तिला जेमतेम चार महिने झालेत, गाडी तिच्या बाबांच्या नावावर. "मामा, दोन हजारांचं चलान आलंय. बाबांना काय सांगू?" पहिल्यांदाच एक्स्प्रेसवेने पनवेलला जाऊन आली होती. वाटेत कुणी अडवलं नव्हतं, कुणी हातही दाखवला नव्हता. आपल्याला पकडलं कधी आणि कुठे, हेच तिला उमगेना. त्या रात्री फोनवर तिला जे सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात तिच्या बाबांसोबत बसून जे निस्तरलं, ते नीट लिहून काढतोय. सतरा वर्षं पुणे-मुंबई करतोय. माझ्याही नावावर दोन चलानं लागलेली आहेत, दोन्ही वेगाचीच, दोन्ही माझ्याच चुकीची.

मेसेज खरा आहे का, हे सगळ्यात आधी

चलानाचा मेसेज आला की हात लगेच लिंककडे जातो. तो आवरा. गेल्या काही वर्षांत चलानाच्या नावाखाली फसवणूक करणाऱ्या टोळ्यांनी धुमाकूळ घातलाय. व्हॉट्सॲपवर "तुमच्या वाहनाचं चलान" म्हणून एक फाइल येते, नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती फाइल म्हणजे ॲप असतं. ते एकदा मोबाइलमध्ये बसलं की तुमचे मेसेज, ओटीपी, बँकेचं सगळं समोरच्याच्या हातात. सरकारी चलान असं फाइल पाठवून कधीच येत नाही. दुसरा प्रकार हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या वेबसाइटचा. पत्ता एखाद्या अक्षराने वेगळा, पैसे भरायचं पान मात्र अगदी तसंच.

म्हणून लिंकला हात न लावता स्वतः साइट उघडायची. महाराष्ट्र पोलिसांच्या वाहतूक शाखेची चलानं 'महाट्रॅफिक ई-चलान' या पोर्टलवर दिसतात, मोबाइलवर 'महाट्रॅफिक' ॲपही आहे. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, ते पाहा. गाडीचा नंबर आणि चासिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की त्या गाडीवरची सगळी चलानं समोर येतात. हे आकडे आरसी बुकवर असतात. आरसी घरी राहिलं असेल तर डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहन ॲपमध्ये पाहा.

इथे नवख्यांचा नेहमी गोंधळ होतो. आरटीओच्या वायुवेग पथकाने, म्हणजे रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या फिरत्या पथकाने केलेलं चलान केंद्राच्या 'परिवहन'च्या ई-चलान पोर्टलवर असतं, आणि पोलिसांचं राज्याच्या पोर्टलवर. एका ठिकाणी काही दिसलं नाही म्हणून गाडी कोरी आहे असं धरू नका. दोन्हीकडे पाहा. परराज्यात गाडी नेली असेल, म्हणजे गोव्याला किंवा बेळगावकडे जाऊन आला असाल, तर केंद्राचं पोर्टल नक्की तपासा.

मेसेज आलाच नाही, असंही होतं. गाडी घेताना शोरूमवाल्याने त्याचाच मोबाइल नंबर टाकलेला असतो, किंवा तुमचा जुना, कधीच बंद पडलेला. मग चलानं साचत राहतात आणि गाडी विकायला काढली की एकदम सात-आठ हजारांचा आकडा समोर येतो. परिवहनच्या 'वाहन' पोर्टलवर मोबाइल नंबर बदलता येतो. ते काम आजच करून टाका.

फोटो उघडून नीट पाहा

चलानाच्या नोंदीसोबत फोटो असतो. बहुतेक लोक तो न बघताच पैसे भरतात किंवा न बघताच शिव्या घालतात. दोन्ही करू नका. फोटो मोठा करा आणि चार गोष्टी जुळवा. नंबरप्लेटवरचा आकडा न् आकडा, गाडीचं मॉडेल आणि रंग, तारीख-वेळ-ठिकाण, आणि मोजलेला वेग व तिथली मर्यादा.

ही तुमच्यावर कुणी केलेली मेहेरबानी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७अ हा नियम घातला गेला. कॅमेऱ्याने किंवा यंत्राने पकडलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवावी, सोबत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असा फोटो द्यावा, यंत्राने मोजलेला आकडा, वेळ, जागा आणि कलम लिहावं, असं त्यात म्हटलं आहे. वापरलेल्या यंत्राला सरकारने नेमलेल्या यंत्रणेचं मान्यता प्रमाणपत्र हवं, तेही वर्षागणिक नव्याने. ज्या पट्ट्यात कॅमेरे लावलेत तिथे आधी ठळक पाटी हवी, हेही त्याच नियमात आहे.

माझ्या पहिल्या चलानाचा फोटो मी अजून मोबाइलमध्ये ठेवलाय. समोरून काढलेला, काचेतून आत दिसतंय. मी मान जराशी वळवून मागच्या सीटवरच्या कुणाशी तरी बोलतोय. शेजारी वडील. त्यांनी दारावरचं हँडल एका हाताने धरलंय आणि दुसरा हात डॅशबोर्डवर टेकवलाय, बोटं ताठ. ते तेव्हा एक शब्द बोलले नव्हते. घरी पोहोचल्यावरही नाही. त्यांना भीती वाटत होती, हे मला अकरा दिवसांनी चलानाच्या फोटोतून कळलं.

पकडतात कसे

भाचीला पडलेला प्रश्न हाच होता, आणि तो समजून घेतला की बाकीचं सोपं होतं.

रस्त्याकडेला उभ्या पांढऱ्या इंटरसेप्टर गाडीत किंवा तिपाईवर जी गन असते ती बहुधा लेझरची. ती प्रकाशाचे बारीक ठोके तुमच्या गाडीवर मारते, ते परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढते, आणि अंतर किती झपाट्याने कमी होतंय त्यावरून वेग. हे सगळं क्षणभरात, शेकडो मीटरवरून होतं. तुम्हाला ती गाडी दिसते तोवर तुमचा आकडा घेऊन झालेला असतो. म्हणून पुढे पोलीस दिसले की कचकन ब्रेक मारण्यात अर्थ नाही. मागून येणारा तुमच्यावर आदळायचा धोका तेवढा वाढतो.

दुसरे, खांबावर किंवा कमानीवर कायमचे बसवलेले कॅमेरे. हे त्या एका जागेवरचा वेग मोजतात. एक्स्प्रेसवेवर रोज जाणाऱ्यांना या जागा पाठ झालेल्या असतात. कॅमेरा आला की ऐंशी, गेला की एकशे तीस. त्यावर तिसरा प्रकार आला, आणि भाची त्यातच सापडली.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०२४ च्या जुलैपासून जी नवी वाहतूक नियंत्रण व्यवस्था सुरू झाली, तिच्यात रस्त्यावर आडव्या लोखंडी कमानी उभ्या आहेत. पहिल्या कमानीखालून गाडी गेली की नंबर आणि वेळ टिपली जाते, पुढच्या कमानीखाली पुन्हा. दोन्हींमधलं अंतर ठरलेलं आहे, त्यामुळे सरासरी वेग काढायला नुसता भागाकार पुरतो. समजा दोन कमानींमध्ये दहा किलोमीटर आहेत आणि मर्यादा ताशी १०० आहे. म्हणजे ते अंतर कापायला किमान सहा मिनिटं लागायला हवीत. तुम्ही पाच मिनिटांत पोहोचलात तर सरासरी १२०. मध्ये एखाद्या कॅमेऱ्यासमोर तुम्ही कितीही सभ्यपणे चालवली असेल, तरी घड्याळ खोटं बोलत नाही. भाचीने एकदाही १३० ओलांडलं नव्हतं. ती नुसती गाण्यांच्या नादात एकशे पंधराच्या आसपास एकसारखी चालवत राहिली होती, आणि चलानाला तेवढं पुरेसं झालं.

स्पीडोमीटरबद्दलही एक सांगतो. कंपनीतून आलेल्या गाडीचा काटा खऱ्या वेगाइतकाच किंवा त्याहून थोडा जास्त वेग दाखवतो, कमी कधी नाही, कारण नियमच तसा आहे. पण हौसेने मोठ्या व्यासाचे टायर टाकलेत तर हिशेब फिरतो, काटा १०० दाखवतो आणि गाडी त्याहून जास्त वेगात असते. तसे टायर असतील तर "माझा काटा तर शंभरच दाखवत होता" ही सबब चालणार नाही.

आणि तो टिंग आवाज. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारमध्ये ऐंशी ओलांडलं की अधूनमधून इशारा वाजतो आणि एकशे वीसच्या पुढे थांबतच नाही. ओळखीतल्या काहींनी तो कुठल्याशा गॅरेजमधून बंद करून घेतलाय. तुम्ही करू नका. नवख्या माणसाला वेग जाणवत नाही, विशेषतः रुंद, गुळगुळीत रस्त्यावर. कान शाबूत असतील तर तो आवाज जाणवतो.

मर्यादा किती, हे पाटीवरच वाचा

पाठ करून ठेवण्याच्या भानगडीत पडू नका, कारण मर्यादा रस्त्यागणिक, वाहनागणिक आणि एकाच रस्त्याच्या पट्ट्यागणिक वेगळी असते. एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात कारला १००, घाट लागला की ती बरीच खाली येते. समृद्धीवर कारला १२०, पण ट्रकला ८०. अटल सेतूवर कारला १००, चढता-उतरता ४०, आणि दुचाकीला प्रवेशच नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर सरळ रस्त्याला ८०, बोगद्यात ६०. बोगद्यातला वीसचा फरक कित्येकांना भोवतो, कारण आत शिरताना डोळे अंधाराला सरावत असतात आणि पाटी सुटते.

गूगल मॅप कोपऱ्यात जी मर्यादा दाखवतो तिच्यावर विसंबू नका. ती बदललेली असू शकते. रस्त्यावरची पाटीच खरी.

रस्त्यात अडवलं तर

इंडिकेटर द्या, आरशात पाहा, हळूच डावीकडे घ्या. इंजिन बंद, काच खाली, हात स्टिअरिंगवर. हवालदारसाहेबांनी विचारलं की कागद दाखवायचे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स आणि आरसी मूळ कागदाइतकंच ग्राह्य असतं, २०१८ पासून नियमच आहे.

मग शांतपणे तीन प्रश्न विचारा. वेग किती मोजलात, इथली मर्यादा किती, आणि रीडिंग दाखवता का? हे विचारणं उद्धटपणा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की "मला तो जोरात चालला असं वाटलं" एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कुणाला वेगाबद्दल दोषी धरता येत नाही, त्या मताला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजणीचा आधार लागतो. म्हणून रीडिंग बघायचा तुम्हाला हक्क आहे. स्वर मात्र खाली ठेवा. भर उन्हात आठ-आठ तास धुरात उभ्या असलेल्या माणसाशी तुम्ही बोलताय.

चलान त्यांच्या हातातल्या मशीनवर होतं. पैसे तिथेच भरले तर पावती घ्या, नाहीतर नंतर ऑनलाइन भरा. जागच्या जागी पैसे भरलेच पाहिजेत असं नाही. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका, "अर्ध्यात मिटवू" म्हणू नका आणि कुणी म्हटलं तर मान डोलावू नका. ओळखीच्या साहेबांना फोन लावायचा मोहही टाळा. दोन हजारांवरून सुरू झालेला वाद हातघाईवर आला की प्रकरण सरकारी कामात अडथळ्याचं होतं, आणि तिथे दंड भरून सुटका नाही.

लायसन्स ताब्यात घेतलं तर त्याची लेखी पोच मागा. कायद्यानेच ती द्यावी लागते, आणि लायसन्स परत मिळेपर्यंत ती पोच दाखवून तुम्हाला गाडी चालवता येते. पोच न घेता निघालात तर पुढच्या नाक्यावर तुम्ही बिनलायसन्सचे.

दंड, आणि दंडाच्या पलीकडचं

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८३ खाली कार-जीपसारख्या हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये आणि मध्यम व अवजड वाहनाला २००० ते ४००० रुपये दंड आहे. महाराष्ट्रात हे वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. दोन हजारांनी बहुतेकांचं फारसं बिघडत नाही, म्हणून लोक चलानाला टोलसारखं समजू लागलेत. तसं समजणाऱ्यांनी पुढचं वाक्य वाचावं. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर वेगात सापडलात तर कायद्यात लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे. ते आरटीओकडे जातं आणि तिथून निलंबन होऊ शकतं. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की वेगमर्यादा मोडणाऱ्यांचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. तीन महिने गाडीविना काढायची वेळ आली की नोकरी फिरतीची असणाऱ्याचं काय होतं, ते मी एका सहकाऱ्याकडे पाहिलंय. रोज सकाळी सहाला बायको त्याला स्वारगेटला सोडायला यायची.

वेगासोबत आणखी काही केलंत, म्हणजे सिग्नल तोडला, उलट्या दिशेने घातली, मोबाइल हातात धरला, धोकादायक ओव्हरटेक केला, तर कलम १८४ लागतं. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष तुरुंगवास किंवा १००० ते ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा झालं तर दोन वर्षांपर्यंत. इथे तुम्ही चलानाच्या पोर्टलवरून उठून कोर्टाच्या बाकावर जाता.

कंपनीची गाडी चालवणाऱ्यांनी, आणि ड्रायव्हर ठेवणाऱ्या मालकांनीही, लक्षात ठेवा. कर्मचाऱ्याला मर्यादेबाहेर पळवायला लावणाऱ्या मालकालाही वेगाच्या त्याच कलम १८३ खाली दंड आहे. "तीन वाजेपर्यंत माल पोहोचलाच पाहिजे" असं फोनवर ओरडणाऱ्यांना हे माहीत नसतं.

घरात सोळा-सतरा वर्षांचं मूल असेल तर किल्ली कुठे ठेवता याचा विचार करा. कलम १९९अ खाली अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शेखाली दोन तरुण अभियंते गेले. पहिल्या जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता, आणि त्यावरून अख्खा महाराष्ट्र पेटून उठला. तेव्हापासून आमच्या सोसायटीत दोन घरांनी मुलांकडून बाइकच्या किल्ल्या काढून घेतल्या. बाकीच्या घरांत अजून तेच चाललंय, आणि मला ते बघवत नाही.

विम्याबद्दल फार लोकांचा गैरसमज असतो की पॉलिसी आहे म्हणजे सगळं आलं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितलं की जो स्वतःच्याच बेदरकार चालवण्यामुळे मरतो, त्याच्या वारसांना त्याच्या मृत्यूपोटी विमा कंपनीकडून भरपाई मागता येत नाही. प्रकरण कर्नाटकातलं, २०१४ च्या अपघाताचं. अकरा वर्षं घरचे लोक कोर्टाच्या पायऱ्या चढत होते, आणि शेवटी हात रिकामे.

आणि वेगात कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा.

चलान चुकीचं असेल तर

चुका होतात, आणि त्या सुधारून घेता येतात. आमच्या शेजारच्या काकूंच्या स्कूटरवर एका दूरच्या जिल्ह्यातलं वेगाचं चलान आलं. स्कूटर पुण्याबाहेर कधी गेलीच नव्हती. फोटो उघडला तर त्यात पिकअप टेम्पो. त्याच्या चिखलाने माखलेल्या प्लेटवरचा ८ यंत्राने ३ असा वाचला होता.

अशा वेळी पैसे भरू नका. भरले म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं होतं आणि तक्रार निकालात निघते. पोर्टलवर आणि ॲपमध्ये तक्रारीची सोय आहे. चलान क्रमांक टाका, आरसीचा फोटो आणि तुमच्या गाडीचा नंबरप्लेटसकट स्पष्ट फोटो जोडा, आणि दोन वाक्यांत काय चुकलंय ते लिहा. रामायण लिहू नका. काकूंनी पहिल्या तक्रारीत पानभर मजकूर लिहिला होता, महिनाभर काही हललं नाही. मग आम्ही छापील अर्ज केला, दोन्ही फोटो शेजारी-शेजारी चिकटवले, चुकलेल्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला आणि वाहतूक शाखेत नेऊन दिला. एक प्रत शिक्का मारून घेतली. चलान रद्द झालं. पोच प्रत मात्र न विसरता घ्यायची, उद्या कुणी विचारलं तर हातात तेवढाच कागद असतो.

आपल्या नंबरची बनावट प्लेट दुसऱ्याच गाडीवर फिरतेय अशी शंका आली, म्हणजे फोटोत मॉडेलही तेच आणि नंबरही तोच पण गाडी तुमची नाही, तर आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. त्या गाडीने उद्या काही केलं तर शोध तुमच्या दारापर्यंत येईल.

गाडी तुमची पण चालवत दुसरं कुणी होतं, तरी चलान मालकाच्याच नावावर येतं. चालक कोण होता ते पोलिसांनी विचारलं तर सांगणं मालकावर बंधनकारक आहे. मित्राला गाडी देताना हे आधीच बोलून ठेवा, नंतर बोलणं जड जातं.

भरणं, आणि न भरणं

चूक आपलीच असेल तर लगेच भरा. यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग काहीही चालतं. पैसे गेले आणि चलान तसंच दिसत राहिलं तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. एक-दोन दिवस थांबा, व्यवहार क्रमांक जपून ठेवा, तोवर नोंद बहुधा उतरते. पावतीची पीडीएफ आरसीच्या फोटोसोबत एका फोल्डरमध्ये ठेवा.

न भरलेलं चलान आपोआप विरत नाही. ते कोर्टाकडे जातं, किंवा लोकअदालतीची नोटीस येते. "लोकअदालतीत अर्धं माफ होतं" असं ऐकून कित्येक जण वर्षभर थांबतात. सवलत मिळेलच अशी खात्री कुणी देत नाही, आणि थकलेलं चलान गाडीच्या नोंदीवर ओझं होऊन बसतं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची, एनओसी काढायची, फिटनेस करायचं म्हटलं की तिथेच अडतं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी टोकन देण्याआधी दोन्ही पोर्टलवर तिचा नंबर टाकून बघायलाच हवा. मालक गोड बोलतो, चलानं मात्र तुमच्या गळ्यात येतात.

आता मूळ मुद्दा, वेग

भाचीच्या बाबांनी दंड भरला आणि तिला एवढंच म्हटलं, "मामाला घेऊन पुन्हा जाऊन ये." आम्ही गेलो. जाताना तिच्याकडून हिशेब करून घेतला. एक्स्प्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. अख्खा रस्ता १०० ने कापला तर ५७ मिनिटं, १२० ने कापला तर ४७. कळंबोली ते किवळे, इतकी जोखीम घेऊन हाती लागतात दहा मिनिटं, तीही घाट आणि टोलनाके नाहीत असं धरून. उलट बाजूने, १०० वर गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. मोबाइलकडे दोन सेकंद पाहिलंत तर पन्नासहून जास्त मीटर डोळे मिटून गेलात. आणि १२० वर ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर १०० च्या जवळजवळ दीडपट होतं, कारण ते वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालात देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेल्याची नोंद आहे, त्यांतल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग लिहिलाय.

सगळ्यात उजवी लेन ओव्हरटेकसाठी आहे. पुढे जा आणि परत मधल्या लेनमध्ये या. मागून कुणी हेडलाइट मारत आला तर त्याच्यासाठी वेग वाढवू नका, बाजूला व्हा. तो पुढे जाऊन चलान घेईल की आणखी काही, ते त्याचं तो बघेल. तुमच्या पायाखालचा ॲक्सिलरेटर तुमचा आहे.

आणि घाट. लोणावळा मागे पडल्यावर मर्यादेची पाटी बदलते, तिथे मी भाचीला मोठ्याने आकडा वाचायला लावला. बोरघाट उतरताना नवखे चालक पाय सतत ब्रेकवर ठेवतात. ब्रेक तापतात, वास यायला लागतो, आणि नेमकं जिथे लागायला हवेत तिथे पकड सुटते. ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरतात तेव्हाही हेच होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडच्या उतारावर त्यापायी किती अपघात झाले ते पुणेकरांना सांगायला नको. म्हणून अवजड गाडीच्या अगदी पुढे किंवा अगदी शेजारी राहू नका, विशेषतः उतारावर. घाट सुरू होण्याआधीच, सपाटीवर असतानाच वेग कमी करा. मग गिअर खाली घ्या, तिसरा, वळण जास्त असेल तर दुसरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा 'एल'वर टाका. क्लच दाबून ठेवू नका, न्यूट्रल तर नाहीच. ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबा आणि सोडा. इंजिन मोठ्याने घोंगावेल. नवख्याला वाटतं काहीतरी बिघडलं आणि तो घाईने गिअर वर टाकतो. टाकू नका. ते इंजिन गाडीला मागे ओढून धरतंय, घोंगावू द्या.